समुद्रातली बुरशी, औषध आणि निफाडची द्राक्षबाग

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करते. समुद्रातल्या बुरशीत औषध शोधायचा प्रकल्प घेते म्हणते. आम्ही जन्मभर बुरशी मारायला फवारण्या केल्या. तिच्यातून औषध कसं निघणार? आणि नाशिकला समुद्र कुठला?
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : डाउनी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीरोगांवर तुम्ही अझॉक्सीस्ट्रोबिन मारलं असेलच. त्याचं मूळ बुरशीतच आहे. पाइनच्या शंकूंवर उगवणारी एक इवली अळंबी इतर बुरशींना रोखणारं द्रव्य बनवते. १९७७ मध्ये ते वेगळं केलं, पण उन्हात टिकेना. मग रचना बदलत बदलत १९९६ मध्ये तुमचं बुरशीनाशक बाजारात आलं.

माणसाच्या औषधांचंही तसंच. १९४५ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून जुझेप्पे ब्रोत्झू यांनी एक बुरशी मिळवली. तिचा अर्क टायफॉइडचे जंतू मारत होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे जंतू मारणारं द्रव्य हाती लागलं. ते स्वतः फार सौम्य. पण त्याच्या रेणूचा गाभा ठेवून बाजूच्या साखळ्या बदलल्या आणि १९६४ मध्ये पहिलं इंजेक्शन आलं. डॉक्टर लिहून देतात ती सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन ही प्रतिजैविकं याच घराण्यातली. ती बुरशी अस्सल समुद्री की सांडपाण्याबरोबर जमिनीवरून आलेली, याची मात्र मी खात्री देणार नाही.

हीच शंका तुमच्या लेकीलाही पडली पाहिजे. मी नाशिकच्या कॉलेजात वर्षानुवर्षं हा विषय शिकवला. स्टॅफिलोकोकस हे जंतू पसरलेल्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) बुरशीचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ, जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसलं, की मुलं हरखून जातात. खरं काम तिथून सुरू होतं. ॲस्परजिलस, पेनिसिलियम या नेहमीच्या बुरश्यांचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. म्हणून नमुना लावताना शेजारी एक कोरी प्लेट उघडी ठेवावी. तीच बुरशी तिच्यावरही आली, तर ती आपल्या खोलीतली असू शकते. मग अर्क काढून माणसाच्या पेशींवर तपासायचा. ग्लायोटॉक्सिनसारखं बुरशीतलं द्रव्य जंतू मारतं, तसं आपल्या पेशीही मारतं. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचं वजन बघून आधी नोंदलेल्या द्रव्यांशी ताडायचं. पुष्कळदा ते जुनंच निघतं, आणि ते लवकर कळलं तर पुढची मेहनत वाचते.

समुद्राचं म्हणाल तर कोकणात एक फेरी पुरे. खारफुटीची कुजकी पानं आणि किनाऱ्याला लागलेलं लाकूड बर्फाच्या डब्यातून आणता येतं. मात्र खारफुटी संरक्षित आहे, वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. चार-पाच लिटर समुद्राचं पाणीही आणावं. तीच बुरशी कधी कधी खाऱ्या माध्यमात (ती वाढवायच्या खाद्यात) एक द्रव्य बनवते, गोड्यात दुसरंच किंवा काहीच नाही. दोन्हीत वाढवून अर्कांची तुलना केली, तरी उत्तम प्रबंध होतो. बुरशीची ओळख पक्की करायला पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

एवढ्यात औषध निघेल ही अपेक्षा तिच्यावर लादू नका. एका समुद्री शैवालावरच्या बुरशीतून सुचलेलं प्लिनाब्युलिन हे कर्करुग्णांसाठीचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं, तरी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता न देता आणखी एक चाचणी मागितली. प्रकल्प तिला जरूर करू द्या. फक्त प्रयोगशाळेत बायोसेफ्टी कॅबिनेट (बीजाणू बाहेर पसरू न देणारं, हवा गाळणारं बंदिस्त कपाट) आहे का, ते प्रकल्प घेण्याआधी विचारून घ्या; ॲस्परजिलसच्या प्लेट उघड्या टेबलावर हाताळणं फुप्फुसांना बरं नाही.