निफाडच्या थंडीत घोडीला झूल कधी घालायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मारवाडी घोडी आहे, निफाडजवळ शेतावर तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आहे, आणि यूट्यूबवरचे इंग्लंडवाले तक्ता दाखवून सांगतात की १० डिग्रीला १०० ग्रॅमची (म्हणजे आतल्या भरावाची जाडी, झुलीचं वजन नव्हे) झूल, ५ ला २०० ची, तर आपण कुठल्या महिन्यात कोणती घालायची.

माझं ऐकाल तर तो तक्ता बाजूला ठेवा. तिकडे बरेच घोडे हिवाळ्यात कामाला असतात, घाम लवकर सुकावा म्हणून मशीनने अंगावरचे केस काढलेले असतात, मग उघडं पडलेलं अंग झाकायला झूल लागणारच, त्यात तिकडचा हिवाळा म्हणजे पाऊस, वारा आणि चिखल. आपली थंडी कोरडी. तुमच्या घोडीचे केस कोणी काढलेत का? नाही ना, मग निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

आपल्याला हुडहुडी भरली म्हणजे घोड्यालाही भरली असं नसतं हो. अंगाने भरलेल्या, धडधाकट घोड्याला साधारण ५ ते २५ डिग्रीत अंगाची ऊब सांभाळायला वेगळी ताकद लागत नाही, आणि थंडीचे केस नीट आलेले असतील, अंग कोरडं असेल तर शून्याच्या खालीसुद्धा निभतं. गारठा पडला की केस उभे राहतात आणि मधे हवा अडकते, तीच त्याची गोधडी. वरून पातळ चादर टाकली की केस चपटे होतात, म्हणजे असलेली ऊब घालवून बसतो आपण. हे केस दिवस लहान व्हायला लागले की येतात, नुसत्या थंडीने नाही, त्यामुळे शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाईट जळत असेल तर ती आधी बंद करा.

खरी शेकोटी पोटात असते. कोरड्या गवताचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून ऊब मिळते, म्हणून थंडीत रात्रीचं गवत वाढवा. लोक दाणा वाढवतात आणि कॉलिक, म्हणजे घोड्याची जीवघेणी ठरू शकणारी पोटदुखी, ओढवून घेतात, ते नको.

मग झूल लागते कोणाला? बरगड्या दिसणारा रोड घोडा, म्हातारा, आजारातून उठलेला, लहान शिंगरू. आणि ओला झालेला. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारा तो अवकाळी पाऊस आणि वर वारा, खरं भ्यायचं याला, कारण केस ओले झाले की आतली हवा गेली. पण तेव्हाही ओल्या अंगावर लगेच जाड झूल टाकू नका, आधी गोणपाटाने चोळून कोरडी करा, वाऱ्याची बाजू ताडपत्रीने बंद करा, मग झूल. थंडीच्या लाटेत पारा ५ च्या खाली गेला आणि घोडी जरा रोड वाटत असेल तर कोरड्या रात्री साधी घोंगडी पट्ट्याने बांधलीत तरी भागतं. पावसात मात्र घोंगडी पाणी पिऊन जड होते.

आपल्याकडे घालण्यापेक्षा काढायचं भान जास्त ठेवावं लागतं. पहाटे ६ डिग्री आणि दुपारी २८, आणि गडी झूल तशीच ठेवून बाजारात. ऊन वर आलं की झूल काढायचीच. रात्री एकदा खांद्यामागे झुलीखाली हात घालून बघा, कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक, दमट किंवा गरम लागलं तर झूल जास्त झालीय. कान गार लागले एवढ्यावरून काही ठरवू नका, कुडकुडतेय का ते बघा.

पावसाळ्यात झूल नकोच. दमट हवेत झुलीखाली अंग घामेजलेलं राहतं आणि पाठीवर खपल्या धरून केसांचे पुंजके निघायला लागतात. छप्पर आणि पायाखाली कोरडी जमीन पुरे. उन्हाळ्यात सावली आणि पाणी. पावसाळ्यात आणि नंतर गोमाश्यांचा त्रास असेल तर पांढऱ्या जाळीची हलकी झूल मिळते ती घ्या, गोमाशीमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजारही पसरतो, पण जाळीने सगळं अडत नाही, लीद रोज लांब टाका.

घ्यायचीच असेल तर छातीच्या मधोमध पासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंत माप घ्या, अंदाजाने मागवू नका. मारवाडीची छाती अरुंद, तयार झुली बहुतेक रुंद घोड्यांच्या मापाच्या, त्या मागे सरकतात आणि खांदे घासतात. रोज काढून खरारा करा, नाहीतर आत घोडी वाळत चालली तरी कळत नाही. घालताना छातीचं बकल आधी आणि मागच्या पायाच्या पट्ट्या शेवटी, काढताना बरोबर उलटं, पट्ट्या आधी सोडायच्या, आणि सुरुवातीचे काही दिवस कोणीतरी लगाम धरून उभं असू द्या.