चार वेळा पुढे गेले, तरी तारण झालं की नाही?

"मॅडम, माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय की नाही, हे नक्की कसं कळतं?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. ख्रिस्ती घरात जन्मलेले, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केलेले, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेले. श्रद्धा नसलेला माणूस असं विचारायला येत नाही, त्याला झोप लागते. जागे राहतात ते हे.

त्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ती परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. आजोबा नगरहून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून घर भायखळ्याच्या बाजूला. तीन महिन्यांची असताना बाप्तिस्मा झाला, पंधराव्या वर्षी बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतः दिलेला होकार, पुढे तरुण संघात कीबोर्ड. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर ती चेंबूरच्या एका मंडळीच्या संध्याकाळच्या सभांना जायला लागली. तिथे उपदेश संपला की दिवे मंद होतात, डोळे मिटायला सांगतात, आणि ज्याला आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्याने उठून पुढे यावं असं आवाहन होतं. काही जण जातात. मग उपदेशक म्हणतात, "अजून कुणीतरी आहे. प्रभू तुझ्याशी बोलतोय, उठ."

"मॅडम, मागे कीबोर्डवर ज्या चार कॉर्ड्स वाजत असतात ना, त्याच मी आमच्या चर्चमध्ये वाजवते. त्यांनी काय होतं ते मला माहितीये. तरी मला रडू आलं आणि मी गेले. आता कळत नाही, मला देवाने उठवलं की कॉर्ड्सनी."

पुढे गेलेल्याला एक कार्ड भरायला देतात. त्यावर नाव, फोन नंबर आणि दोन चौकोन: 'मी आज प्रथमच प्रभू येशूला स्वीकारलं' आणि 'मी पुन्हा समर्पण केलं'. पहिल्या वेळी तिने पहिल्या चौकोनात खूण केली. काही महिन्यांनी पुन्हा गेली, तेव्हा दुसऱ्यात. तिसऱ्यांदा परत पहिल्यात, कारण मधल्या काळात तिची खात्री झाली होती की आधीचं काही खरं नव्हतंच. चौथ्यांदा पेन हातात धरून ती उभीच राहिली. शेवटी कार्ड पर्समध्ये टाकून बाहेर पडली. या सगळ्या तारखा तिने मोबाइलमध्ये लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह.

भरीस भर म्हणून तिथल्या एका ताईंनी सांगितलं, "तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. तान्ह्या बाळावर पाणी शिंपडलं, तो आईबापांचा निर्णय. तू विश्वास धरलास, आता पाण्यात बुडून घे." पनवेलकडच्या एका स्विमिंग पूलवर पुढच्या महिन्यात बाप्तिस्मे होणार होते. घरी हे सांगितल्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मी सुरुवात शास्त्रापासून केली नाही. झोप कशी आहे, जेवण जातंय का, कामात चुका होतायत का, हे विचारलं. रात्री दिवा मालवला की ती 'प्रभू, माझ्या हृदयात ये' ही प्रार्थना म्हणायची. मग शंका यायची की मन भरकटलं होतं, म्हणून पुन्हा. मग एखादा शब्द मनापासून आला नाही, म्हणून पुन्हा. कधी कधी दोन वाजायचे. माझ्या लेखी हा प्रश्न धर्मज्ञानाचा राहिलेला नव्हता. खात्री हवी म्हणून तपासायचं, तपासलं की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या घटकाभराच्या आरामामुळेच पुढची शंका जास्त जोर धरते. ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, एक प्रकार अगदी असाच चालतो, आणि तो धर्माच्या विषयात शिरला की घरच्यांना भक्ती वाढल्यासारखी दिसते. म्हणून तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सध्या औषधाची गरज नाही, समुपदेशन चालू ठेवा, असं सांगितलं.

मग आमच्यात एक करार झाला. रोजची प्रार्थना करायची, गाणी म्हणायची, पण ती 'स्वीकाराची' प्रार्थना पुढच्या भेटीपर्यंत एकदाही म्हणायची नाही. ती घाबरली. "आणि मध्येच ट्रेनमधून पडले तर?" सकाळी भायखळ्याला गाडीत चढणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणं काही विचित्र नाही. मी म्हटलं, लूकच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायातला, येशूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर आठव. त्याला बाप्तिस्म्याचं पाणी मिळालं नाही, पुढे चालत जाता आलं नाही, आणि त्याची प्रार्थना एका वाक्याची होती. त्याचबरोबर हेही बजावलं की हे उत्तर मी एकदाच देणार. रात्री अकराला मेसेज करून पुन्हा विचारलंस तर देणार नाही.

तिची झोप थोडी सुधारल्यावर आम्ही मूळ विषयाकडे आलो. पुढे बोलावण्याची ही पद्धत पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे, असं तिने धरलं होतं. तशी ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या संजीवन सभांमध्ये, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांमध्ये, ती रुजली. तिथले उपदेशक चार्ल्स फिनी हे तिचे सगळ्यांत ठाम पुरस्कर्ते. ज्यांचं मन अस्वस्थ झालंय त्यांच्यासाठी ते सभेत पुढचं बाक राखून ठेवत. टीका झाली तेव्हा १८३५च्या सुमाराला त्यांनी आपली बाजू मांडली: माणसाने चारचौघांत आपला निर्णय दाखवावा यासाठी मंडळीला काहीतरी लागतंच, आणि प्रेषितांच्या काळात ते काम बाप्तिस्मा करत असे. म्हणजे बाक बाप्तिस्म्याच्या जागी आलं, हे पद्धत चालवणाऱ्यानेच कबूल केलेलं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्राच्या उपदेशानंतर लोक 'आम्ही काय करावं' असं विचारतात, तेव्हा त्यांना पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं जातं.

यावरून पुढे बोलावणं वाईट, असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांची दारू त्या एका संध्याकाळी सुटली ती सुटलीच. पण अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम यांच्या प्रचंड सभांमध्येसुद्धा पुढे येणाऱ्यांना 'चौकशी करणारे' म्हणत, तारण पावलेले म्हणत नसत, आणि त्यांच्याशी बोलायला शिकवलेली माणसं तयार असत. (१९५६ मध्ये ग्रॅहम मुंबईला आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून शहर पेटलं होतं, त्यामुळे त्यांची इथली मोठी सभा रद्द करावी लागली.) आणि आपल्याच भायखळ्यात मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) ही ख्रिस्ती संस्था आहे. त्यांच्या सभागृहात पश्चात्तापासाठी गुडघे टेकायचं बाक असतं, पण पाण्याचा बाप्तिस्मा ते देतच नाहीत. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. "मग त्यांचं तारण...?" असं म्हणून ती स्वतःच थांबली.

बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर मी तिला एक उत्तर दिलं नाही, कारण ख्रिस्ती जगात एक उत्तर नाही. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट लहान बाळांना बाप्तिस्मा देतात. त्यांच्या मते त्यात पहिलं पाऊल देवाचं असतं, बाळ ते नुसतं घेतं, आणि मोठं झाल्यावर आपल्या तोंडाने होकार देतं. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. सोळाव्या शतकात या मतासाठी लोकांनी जीव दिलेत. १५२७ मध्ये झुरिकला फेलिक्स मांट्झ यांना नदीत बुडवून मारलं, तेव्हा शिक्षा देणारेही ख्रिस्तीच होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये स्थापन झालं, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांमध्ये दोन्ही मतांचे लोक होते, म्हणून तिथे दोन्ही प्रथा मान्य आहेत. पण एकाच माणसाने दोनदा घ्यायचा का? १९८२च्या लिमा दस्तऐवजात, म्हणजे जागतिक चर्च परिषदेच्या निवेदनात, निरनिराळ्या परंपरांच्या धर्मपंडितांनी बाप्तिस्मा पुन्हा होत नाही असं स्पष्ट म्हटलंय. बॅप्टिस्ट माणूस यावर म्हणेल, आम्ही पुन्हा देतच नाही, पहिल्यांदाच देतो. भांडणाची गाठ इथे आहे, आणि ती माझ्या खोलीत सुटणार नव्हती.

तिला खरी मदत झाली ती आपल्याच माणसांची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी सापडला. ना. वा. टिळकांचं उलट. आधी मनात ख्रिस्त आला, मग बरीच घालमेल झाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ला इथे मुंबईत बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली. त्यांच्या बाबतीत आधी सुटला तो विटाळ: कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच ठरवलं होतं. आणि याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

"म्हणजे माझ्याप्रमाणेच यांच्यातल्या कुणालाच एक तारीख सांगता आली नसती," ती म्हणाली. टिळकांना बाप्तिस्म्याची सांगता आली असती, मी म्हटलं. विश्वासाची तारीख सांगायला मात्र तेही अडखळले असते, असं मला वाटतं.

आईला बोलावलं तेव्हा त्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला, घडीवर फाटलेला. बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी मी आणि हिच्या पप्पांनी मंडळीसमोर शब्द दिला होता. हिचे पप्पा गेले. आता ही म्हणते ते काही झालंच नाही." मुलीने हे याआधी असं ऐकलं नव्हतं. ती इतके दिवस पाण्याबद्दल भांडत होती आणि आई नवऱ्याबद्दल. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, तशी मी बसले.

नंतर ती आपल्या पाळकसाहेबांना भेटली आणि चेंबूरच्या पाळकांनाही. चेंबूरच्या पाळकांनी घाई केली नाही, "तुझ्या मनाला पटल्याशिवाय येऊ नकोस," म्हणाले. त्या ताईंपेक्षा ते बरेच मवाळ निघाले. ती पनवेलला गेली नाही. तारखांची यादी तिने काही आठवड्यांनी काढून टाकली. शंका अजून येते, विशेषतः नाइट ड्युटीच्या दिवसांत, पण त्या शंकेला उत्तर देत बसायचं नाही हे तिला जमायला लागलंय.

सगळ्यांचा शेवट असा होत नाही, आणि व्हावा असा माझा आग्रहही नाही. याच प्रश्नासाठी आलेल्या एका तरुणाने वर्षभर अभ्यास करून बुडून बाप्तिस्मा घेतला. त्याला मी एवढंच विचारलं होतं: आज रात्री कुणी खात्री देऊन सांगितलं की न घेताही देव तुला टाकणार नाही, तर तू घेशील का? तो लगेच 'हो' म्हणाला. मुलीला हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा ती रडली होती. भीतीपोटी पाण्यात उतरणाऱ्याला पाणी पुरत नाही, तो काही महिन्यांनी तिसऱ्या बाप्तिस्म्याची चौकशी करतो. असेही माझ्याकडे आलेत.

पाळकांच्या एका प्रशिक्षणात मी यावर बोलत होते. एका तरुण पाळकांनी जरा चिडून विचारलं, "मग बोलवायचंच नाही का लोकांना पुढे?" मी म्हटलं, बोलवा ना. फक्त "अजून कुणीतरी आहे" हे तिसऱ्यांदा म्हणू नका. आणि कार्डावर फोन नंबर लिहून घेताच आहात, तर त्या आठवड्यात फोनही करा.