पक्षाघातानंतर हात आखडलाय, इंजेक्शनआधी 'ध्येय' कशाला लिहायचं?

तुम्ही विचारलंय, ताठर स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन द्यायच्या आधी बाबांच्या हाताचा ताठरपणा मोजला की झालं ना? तो मोजतातच, सुधारित ॲशवर्थ मापनात 0 ते 4; आकडा जितका मोठा तितका ताठरपणा जास्त. पण आकडा उतरला म्हणून हात कामाला येतोच असं नाही. आमच्या मालवणच्या दमट हवेत मिटलेल्या मुठीत घाम साचतो, वास येतो, नखं तळव्यात रुततात. घरच्यांना छळतं ते हे.

म्हणून ध्येयपूर्ती मापन, म्हणजे आधी ठरवलेलं ध्येय किती गाठलं ते -2 ते +2 मध्ये मोजणं. 1968 मध्ये किरेसुक आणि शर्मन या संशोधकांनी ते मांडलं, तेही मानसिक आरोग्यासाठी! उदाहरणार्थ, सहा आठवड्यांत आईला एकटीने, बाबांना न दुखवता, मूठ उघडून तळवा धुता आला तर 0, म्हणजे ठरवलं तेवढं झालं. बाबांनी स्वतःच धुतला तर +1, नखंही कापली तर +2. धरायला दुसरं माणूस लागलं तर -1. आजच्यासारखंच राहिलं तर -2.

ध्येय बाबांनाच विचारा. 'माका परत जाळां विणूचां आसा' म्हणाले तर हसू नका, त्यातली एखादी जमण्यासारखी पायरी थेरपिस्टकडून ठरवून घ्या. मात्र इंजेक्शनच्या आधीच. बोटुलिनमचा असर साधारण तीन महिने टिकतो, व्यायाम त्याच काळात करून घ्यायचा असतो.