वापरलेले वस्त्र आधी उलटे करून पाहावे

मागील अंकात आम्ही जुन्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या खरेदीविषयी प्रश्न मागवले होते. सांगली, मिरज, कराड आणि सातारा येथून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी विश्रामबागेत राहते आणि येत्या जूनपासून शिक्षणासाठी पुण्याला जाणार आहे. तिकडच्या मैत्रिणी 'थ्रिफ्ट' आणि 'व्हिंटेज' कपडे घेतात. मलाही एक डेनिमचे जॅकेट आणि एक लोकरी कोट घ्यायचा आहे. पुण्यात किंवा मुंबईत कुठे जावे, आणि फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे? (सांगली)

उत्तर : आधी शब्दांचा गोंधळ दूर करू, कारण पैसे बहुतेक वेळा तेथेच वाया जातात. शहरात 'जुना माल' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे खरोखर वापरलेले कपडे, ज्यांना तुमच्या मैत्रिणी 'थ्रिफ्ट' म्हणतात. आपल्या आया बोहारणीला चार साड्या आणि दोन पँटी देऊन एक पातेले घेत आणि त्या पातेल्याच्या जाडीवरून अर्धा तास घासाघीस करत, ते कपडे पुढे धुऊन, रफू करून, इस्त्री करून अशाच बाजारांत जातात. दिल्लीतील रघुबीर नगरचा पहाटेचा बाजार याच व्यवसायावर उभा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे निर्यातीतून उरलेला किंवा नाकारला गेलेला माल. तो कोणीही वापरलेला नसतो, फक्त गळ्यापाशी त्याचे लेबल कापलेले असते. तिसरी म्हणजे 'व्हिंटेज', ज्याला साधारणपणे किमान २० वर्षे जुना असण्याची अट लावली जाते. मुंबईत आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट आणि पुण्यात कॅम्पातील त्याच नावाचा बाजार हे मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या आणि साध्या नव्या मालाचे आहेत. तेथे जुन्या काळचा कोट शोधत फिरू नका.

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तेथे अवजारे, घड्याळे, नाणी आणि भांडी यांचे राज्य असते. कपडे मधूनच दिसतात. म्हणून एकच वस्तू मनात धरून गेल्यास निराशा पदरी येते, दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवल्यास कधी तरी हाती काही लागते. मुंबईतील चोर बाजाराची दुकाने शुक्रवारी बंद असतात, परंतु त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जो बाजार मांडला जातो त्यात वापरलेले कपडे आणि बूट पुष्कळ असतात. आपल्याकडील माणसे गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून तो बाजार गाठण्याचा बेत करतात. गाडी मुंबईला पोहोचेपर्यंत चांगला दिवस उजाडलेला असतो आणि जाणकारांनी निवडलेला माल केव्हाच पिशव्यांत गेलेला असतो. तेव्हा मुक्कामाची सोय असेल तरच हा खटाटोप करावा.

आता पारख. लेबल शेवटी वाचावे आणि वस्त्र आधी उलटे करावे. सुलट बाजू विक्रेत्याने तुमच्यासाठी तयार केलेली असते, आतली बाजू मात्र मूळ शिंप्याने आणि पहिल्या मालकाने ठेवलेली असते. काख, कॉलरची घडी, बाह्यांची टोके आणि पँटचे आसन ही झिजण्याची ठिकाणे होत. काखेतील घामाने कापडाचा रंग उडालेला असेल तर तो परत येत नाही. शिवण उसवली असेल तर मात्र ते पंधरा मिनिटांचे काम आहे. उसवलेले घ्यावे, विरलेले घेऊ नये, एवढा भेद लक्षात ठेवला तरी निम्मी फसवणूक टळते. लोकरी कोट उजेडासमोर धरावा, म्हणजे कसरीने पाडलेली बारीक छिद्रे चांदण्यांसारखी दिसू लागतात. चेन पाच-सहा वेळा वरखाली करून पाहावी. ताणल्या जाणाऱ्या कापडातील रबरी धागा एकदा मेला की त्यावर इलाज नसतो, त्यामुळे ओढून सोडल्यावर जे पुन्हा जागेवर येत नाही ते ठेवून द्यावे.

चामड्यासारख्या दिसणाऱ्या जॅकेटविषयी विशेष सांगते, कारण त्यात मी स्वतः फसले आहे. कृत्रिम चामड्यावरचा थर हवेतील दमटपणाने काही वर्षांत कमजोर होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. मी घेतलेल्या जॅकेटला विक्रेत्याने तेल पुसून चकाकी आणली होती. घरी येऊन ते घातले तर कॉलरचे काळे तुकडे मानेला चिकटले. खरे चामडे कोरडे पडले तर त्याला तेल पाजता येते, पापुद्रे सुटणाऱ्याला काहीही पाजून उपयोग नाही. कोपराची घडी दाबून पाहावी, थर तेथेच आधी फुटतो.

डेनिमच्या बाबतीत जुन्या लिव्हाइसचा फार बोलबाला असतो. त्या कंपनीच्या खिशापाशी शिवलेल्या लहान लाल पट्टीवर १९७१ पर्यंत नावातील सर्व अक्षरे मोठी असत आणि पुढे 'ई' हे अक्षर लहान झाले, हे खरे आहे. परंतु ही गोष्ट विक्रेत्यालाही ठाऊक असते आणि पट्टी वेगळी शिवता येते. पट्टीभोवतीचा दोरा आणि शेजारच्या शिवणीचा दोरा सारखाच फिका झाला आहे का, ते पाहावे.

परदेशी वापरलेल्या कपड्यांबद्दल एक बाब. असे कपडे आपल्या देशात आणून जसेच्या तसे विकायला परवाना लागतो. फाडून चिंध्या केलेल्या लोकरी मालाला वेगळे नियम आहेत, आणि तो माल मोठ्या प्रमाणात पानिपतला जाऊन त्याचे पुन्हा सूत आणि ब्लँकेटे होतात. त्यामुळे रस्त्यावरचा विक्रेता प्रत्येक कोट 'थेट इटलीचा' म्हणतो तेव्हा कोटाची किंमत करावी, इटलीची करू नये.

प्रश्न : माझ्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही जुन्या पद्धतीची पैठणी शोधत आहोत. पुण्यातील एका विक्रेत्याने 'शंभर वर्षांची, खऱ्या जरीची' म्हणून एक दाखवली. ती खरी आहे हे कसे ओळखावे? आमच्याकडे आजेसासूबाईंची दोन इरकली लुगडीही आहेत. तीही कोणी विकत मागत आहे. (कराड)

उत्तर : हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर घेतलेला असतो आणि तो शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवत विणत जातात. म्हणून पदरावरचा मोर किंवा आसावली उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. उलट बाजूला सुटे किंवा कापलेले धागे लोंबत असतील तर ते विणकाम यंत्राचे असण्याचा संभव फार मोठा. त्या विक्रेत्याने तुम्हाला पदर उलटा करू दिला का, हे तुमच्या पत्रात नाही. पुन्हा जाल तेव्हा आधी तेच करा.

खरी जर म्हणजे रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचे पाणी. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे असते किंवा नुसते चकाकणारे प्लास्टिक असते. झिजलेल्या जागी आतून पांढरट चांदी दिसते की तांब्याची लाली, ते भिंगाखाली कळते. खात्री हवी असेल तर दशीतील, म्हणजे पदराच्या टोकाच्या सुट्या धाग्यांतील, एक जरीचा धागा ओळखीच्या सराफाला दाखवावा. दशीतील रेशमाचा एक धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. वितळून कडक मणी झाला तर तो धागा कृत्रिम आहे. एवढी परीक्षा नाकारणाऱ्या विक्रेत्याकडून लग्नाचे वस्त्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले शंभर वर्षांचे. नेमके वय सांगणे पुराणवस्तूंच्या अभ्यासकालाही कठीण जाते, परंतु खोटे वय पकडणे पुष्कळदा सोपे असते. साडीला 'सिल्क मार्क'ची, म्हणजे शुद्ध रेशमाची हमी देणारी, खूण असेल तर ती २००४ च्या आधीची असू शकत नाही. सोबतच्या खोक्यावर किंवा पावतीवर दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर तो कागद १९७२ नंतरचा आहे, कारण पिन कोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. किमतीच्या चिठ्ठीवर रुपयाचे आजचे चिन्ह असेल तर ती चिठ्ठी २०१० नंतरची. खोके बदललेले असू शकते हे मान्य, परंतु विक्रेता ज्या खोक्याला पुरावा म्हणून पुढे करतो त्याचीच तारीख आधी पाहावी.

याहून महत्त्वाची गोष्ट रेशमाच्या प्रकृतीची आहे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर चिरते. साडी उघडून प्रत्येक घडी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहा. चर्र असा आवाज आला किंवा उजेडात रेषा दिसली तर ती पैठणी लग्नमंडपात निऱ्या काढताना फाटेल. तिचे काठ-पदर काढून दुसऱ्या कापडावर लावता येतील, पण मग किंमतही काठ-पदराचीच द्यावी.

इरकलींविषयी मात्र माझा सल्ला विकू नका असा आहे. खऱ्या इरकलीचा पदर वेगळा असतो आणि तो अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडाला कानडीत 'कोंडी' म्हणतात. ती जागा बोटाला जाणवते, आणि यंत्रमागाच्या नकलेत ती नसते. सांगली-मिरजेकडे रोज नेसली जाणारी ही लुगडी अनेकांनी वाकळी शिवून संपवली, म्हणूनच आज ती कोणी मागत येते. खऱ्या जरीच्या वस्त्राला वजनावर मागणारा माणूस बहुधा जर जाळून चांदी काढणार असतो. त्याला तर दारातूनच परत पाठवावे. घरची लुगडी मलमलीत गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. मुलीला मांडवात इरकल नेसायला आवडेल का, हेही एकदा विचारून पाहा.

प्रश्न : मुलगी पुण्याहून कोणाचे तरी उतरलेले कपडे आणते. मला ते पटत नाही. रोग नाही का होणार? (मिरज)

उत्तर : दोन भाग वेगळे करू. परक्याचे उतरलेले अंगावर घालू नये, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. एवढेच आठवण करून देते की आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिले दुपटे जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचेच करतात. मात्र ते लुगडे घरचे असते, हा तुमचा मुद्दाही मला कळतो.

रोगाचे म्हणाल, तर खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही आणि डोक्यातील उवाही फार काळ टिकत नाहीत. खरी भीती ढेकणांची आहे, कारण ते उपाशीपोटी कित्येक महिने राहू शकतात आणि शिवणीत अंडी घालतात. म्हणून आणलेली पिशवी घरात उघडू न देता गच्चीवर किंवा न्हाणीघरात उघडावी, शिवणी तपासाव्यात, आणि सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवून इस्त्री शिवणींवर दाबून फिरवावी. लोकरीचे व रेशमी कपडे गरम पाण्यात घालू नयेत. ते ड्रायक्लीनिंगला द्यावेत.

वासाकडेही लक्ष द्यावे. नुसता घाम किंवा डांबर गोळीचा वास उन्हात जातो. बुरशीचा जात नाही, आणि सुती कापडावरचे तिचे काळे ठिपकेही जात नाहीत. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या कपाटात कृष्णेचे पाणी शिरले होते, त्यांना तो वास वेगळा शिकवायला नको.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरील एका विक्रेतीकडून 'मीडियम' मापाचा जुना शर्ट मागवला. तो लहान मुलाचा असावा असा निघाला. ती पैसे परत देत नाही. (सातारा)

उत्तर : 'मीडियम' हे माप नव्हे, तो विक्रेत्याचा अंदाज असतो, आणि जुन्या कपड्यांत तर तो काळानुसार आणि देशानुसार बदलतो. शिवाय सुती शर्ट कित्येक धुण्यांत आटलेला असतो. पुढच्या वेळी आपल्याला नीट बसणारा शर्ट जमिनीवर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि लांबीत मोजा, आणि विक्रेत्याकडून तीच तीन मापे टेप लावलेल्या छायाचित्रासह मागा. झालेल्या व्यवहाराबाबत, ती नियमित विक्री करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि शर्टाचे मोजलेले छायाचित्र जपून ठेवा. एखाद्या व्यक्तीने स्वतःचा एकच कपडा विकला असेल तर हा मार्ग फारसा उपयोगी पडणार नाही.

प्रश्न : मुंबईहून घेतलेला जुना लोकरी कोट खांद्यांत दीड इंच मोठा होतो. शिंपी कमी करून देतो म्हणतो. द्यावा का? (सातारा, सेवानिवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, देऊ नये. कोटाचा खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण काढावी लागते, आतले भरण आणि अस्तर उघडावे लागते आणि बाहीचा गोलाईचा घेर पुन्हा जुळवावा लागतो. हे काम नव्या कोटाच्या शिलाईइतकेच महाग पडते आणि बहुधा बिघडते. लांबी, कमरेचा घेर आणि बाहीची लांबी या गोष्टी मात्र सहज बदलतात, किंबहुना जुन्या शिवणकामात शिंपी शिवणीत भरपूर मार्जिन सोडत असल्यामुळे कमरेत कोट मोठाही करता येतो. तुमचा कोट थंडीत आतून स्वेटर घालून वापरता येईल. ते नको असेल तर खांद्याने रुंद असलेल्या जावयाला किंवा पुतण्याला एकदा अंगावर चढवून पाहायला सांगा.