भुतांचा दलाल

प्रश्न : माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत येताना त्याने ‘हेलब्लेझर’ नावाच्या इंग्रजी कॉमिकचा जाडजूड संग्रह आणला. सहज चाळायला घेतला आणि दोन रात्री हातातून सुटेना. पण पहिल्याच गोष्टीत तो जॉन कॉन्स्टंटाइन स्वतःच्या मित्राला भुताच्या तोंडी देतो! असल्याला नायक का म्हणायचं? या मालिकेत जमेला काय नि खर्ची काय? आणि तीनशे अंक आहेत म्हणे, मी कुठून वाचू? (एक मामी, डिचोली)

उत्तर : मामी, मीही तिथेच अडखळलो होतो. १९९७ साली हणजुणच्या बुधवारच्या बाजारात एक गोरा मायदेशी परतण्याआधी सामान विकायला बसला होता. स्टोव्ह, झोळणा, फाटकी चादर आणि कॉमिकांचा एक गठ्ठा. पन्नास रुपयांत अकरा अंक मिळाले. तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. मुलांसाठी म्हणून घेतले आणि घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले, मुलांचा हात पोचणार नाही अशा बेताने.

तुम्ही म्हणता ती गॅरी लेस्टरची गोष्ट. गॅरी नशेबाज, जॉनचा जुना दोस्त. त्याच्या हातून भुकेचं एक भूत मोकाट सुटतं. ज्याला ते धरतं त्याची भूक काही केल्या भागत नाही. त्याला कोंडायला जिवंत मडकं लागतं, आणि ते मडकं म्हणजे गॅरी. जॉन त्याला गोड बोलून न्यूयॉर्कला नेतो. शहर वाचतं, गॅरी जातो. आपल्याकडे भूत उतरवायला घाड्याकडे गेलो तर कोंबडा आपण देतो. जॉनचा कोंबडा नेहमी शेजाऱ्याचा असतो. मालिकेची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे, आणि पुढे तिचा कंटाळाही याच गोष्टीने आणलाय.

(अशा पात्राला मराठीत ‘प्रतिनायक’ म्हणतात खरं, पण प्रतिनायक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दहा तोंडांचा रावण उभा राहतो. म्हणून मी सरळ अँटिहीरोच म्हणतो.)

आधी जमेची बाजू. हा गडी म्हातारा होतो. बाकीचे सुपरहीरो पन्नास वर्षं तिशीतच अडकलेले असतात. कॉन्स्टंटाइनचा जन्म १९५३चा. तो पहिल्यांदा दिसला १९८५ साली, ‘स्वॅम्प थिंग’ या दुसऱ्याच कॉमिकमध्ये. स्वतःची मालिका मिळाली १९८८ साली आणि २०१३ साली तीनशेव्या अंकावर ती थांबली, तोवर तो साठीला टेकला होता. अंगात मळका रेनकोट, तोंडात सिगारेट. उडता येत नाही, अंगात बळ नाही, मंत्रही बेताचेच. भांडवल म्हणाल तर जीभ आणि निर्लज्जपणा. तरुणपणी न्यूकॅसल गावात त्याने एका भुतावर दुसरं भूत घालायचा शहाणपणा केला, आणि अ‍ॅस्ट्रा नावाची लहानगी नरकात गेली. ते त्याला वेड्यांच्या इस्पितळापर्यंत घेऊन गेलं आणि पुढेही कधी सुटलं नाही.

मग १९९१ साली गार्थ एनिस हा लेखक आला आणि त्याने त्या सिगारेटींचा हिशेब मांडला. जॉनला फुप्फुसाचा कॅन्सर. अंक ४१ ते ४६. भुतांशी खेळणारा माणूस इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत बसतो. तिथे भूत नाही, मंत्र नाही, खोकला आहे. मधल्या एका अंकात तो आयर्लंडला दारुड्या मित्राकडे जातो. त्या मित्राने आत्मा विकलेला, सैतान मध्यरात्री वसुलीला येणार. तळघरात एक विहीर आहे, तिचं पवित्र पाणी मेणबत्त्यांच्या जादूने काळी बिअर झालेलं. जॉन सैतानाला आग्रहाने एक ग्लास पाजतो आणि मेणबत्ती विझवतो. बिअरचं पुन्हा पवित्र पाणी, तेही सैतानाच्या पोटात! पेडण्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याने फेणीच्या घोटाबरोबर सांगावी अशी ही गोष्ट आहे. फसलेला सैतान आता जॉनच्याच आत्म्यावर टपलेला. शेवटी तो स्वतःचा आत्मा नरकाच्या आणखी दोघा धन्यांना गुपचूप विकतो. आता हा मेला तर तिघांत लढाई जुंपणार, म्हणून तिघांना नाइलाजाने त्याचा कॅन्सर बरा करावा लागतो. जमिनीच्या एकाच तुकड्याची तीन विक्रीखतं कशी होतात हे गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आमच्या वाड्याच्या शिमेवर देवचार आहे, गावचा राखणदार. त्याला रोट, विडी आणि सोरो म्हणजे दारू देतात. जॉनचीही आवड साधारण तीच. पण देवचार बोलीला पक्का. त्याने राखण करायची, आपण नवस फेडायचा. जॉन नवस बोलतो आणि फेडायची वेळ आली की मागच्या दाराने निघतो. म्हणून तो आपल्या ओळखीचा वाटतो आणि तरीही त्याचा विश्वास वाटत नाही.

आता खर्ची. पंचवीस वर्षांत लेखक कितीतरी बदलले, आणि जवळजवळ प्रत्येकाने त्याला पुन्हा एकटा, पुन्हा कफल्लक करून घेतला. त्यामुळे रहाटगाडगं फिरल्यासारखं होतं. ‘जॉन, किती वर्षांनी!’ म्हणत कुणी जुना मित्र दारात आला की मी त्याच्या तेराव्याची तयारी धरतो. बायकांचं तर विचारूच नका. त्या येतात त्या मरायला, नाहीतर सोडून जायला. पहिल्या दहावीस मरणांना मन हलतं, नंतर हात फक्त पान उलटतो. पहिला लेखक जेमी डेलानो मला फार आवडतो, पण त्याच्या चौकटीत चित्र कमी आणि मजकूर फार. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८७ साली तिसऱ्यांदा निवडून आल्या त्या रात्रीवर त्याने एक अंक लिहिला. त्यात नरकातले दलाल आत्म्यांचा शेअरबाजार चालवतात. कल्पना झकास, पण टीका इतकी ठोकून सांगितलेली की मास्तर असून मलाच नकोशी झाली. आणि पुढे कधीतरी जॉनला अमेरिकेतल्या तुरुंगात धाडलं, तिथे तो मला परका वाटला. पावसाळी लंडन काढून घेतलं की त्याच्याकडे उरतो तो फक्त रेनकोट.

कुठून वाचायचं? सरळ एक्केचाळीसपासून. ते सहा अंक आवडले तर पहिल्यापासून, डेलानोला दमाने घेत. मध्ये सत्ताविसावा अंक चुकवू नका, नील गेमनने लिहिलेला. एक बेघर माणूस थंडीने मेलाय आणि त्याचं भूत लोकांकडे एवढंच मागतं, मला जवळ घ्या, गारठलोय. लोक घाबरतात. जॉन त्याला मिठी मारतो. मंत्र नाही, चलाखी नाही, कुणाचा बळी नाही. माझ्याकडच्या प्रतीत नेमकं ते पान कसरीने खाल्लंय. कडेला नक्षी पाडावी तसं खाल्लंय, पण दोन्ही हात शाबूत आहेत.

प्रश्न : यावरचा कियानू रीव्ह्जचा सिनेमा पाहिला तर पुस्तकं वाचायची गरज आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : २००५चा तो सिनेमा वाईट नाही, पण त्यातला जॉन काळ्या केसांचा आणि लॉस एंजेलिसचा. पुस्तकातला सोनेरी केसांचा, लिव्हरपूलचा. कॅन्सर आणि सैतानाला दाखवलेलं बोट कॉमिकमधून उचललंय. पुस्तकातला चॅस हा त्याच्याच वयाचा, बायकोच्या शिव्या खाणारा टॅक्सीवाला आहे. सिनेमात त्याचा पोरगेला चेला करून टाकलाय. त्या चॅससाठी तरी वाचा.