सगळ्यांवर दीड व्होल्टच, मग सेल लहानमोठे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रिमोटचा बारीक सेल, घड्याळाचा पेन्सिल सेल आणि गॅस गीझरचा जाडा सेल, तिन्हींवर १.५ व्होल्टच छापलंय, मग फरक कसला? आणि प्लास्टिकच्या नळीत पेन्सिल सेल घालून तो गीझरला चालेल का?

व्होल्ट ठरतात आतल्या रसायनांवरून. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड ही जोडी तिन्हींत तीच, म्हणून तिन्ही दीडचे. आकार वाढला की आत माल जास्त मावतो, म्हणजे सेल जास्त दिवस चालतो आणि एका वेळी जास्त करंट देऊ शकतो. रिमोटचा ट्रिपल ए १०.५ मिमी जाड नि ४४.५ मिमी लांब, घड्याळाचा पेन्सिल सेल म्हणजे डबल ए, तो १४.५ नि ५०.५. फरक किरकोळ वाटतो, पण डबल एमध्ये दुपटीहून जास्त जागा असते. गीझरचा डी सेल ३४.२ मिमी जाड, त्यात आतली जागा डबल एच्या जवळजवळ सातपट. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत तर दीड-दीडचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. वजनकाट्यातला सीआर२०३२ तेवढा वेगळा: लिथियमचा, म्हणून ३ व्होल्ट. (२० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, आकडा त्यावरूनच आलाय. घरात लहान मूल असेल तर हे बटण सेल कुलपातच ठेवा. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.)

आता गीझर. नळी घालून पेटेल, पण मी तसं कायमचं ठेवणार नाही. तिथे सेलचं काम फक्त ठिणगी पाडण्यापुरतं नसतं. पाणी चालू असेपर्यंत गॅसचा व्हॉल्व्हही त्याच सेलवर उघडा राहतो. पेन्सिल सेल लवकर बसेल आणि अर्ध्या अंघोळीत पाणी गार होईल.

घेताना सेलवरचं बारीक अक्षर वाचा. डी सेलवर नुसतं आर२० असेल तर तो साधा, एलआर२० असेल तर अल्कलाइन. साध्या सेलचं जस्ताचं डबडंच वापरात झिजत जातं, म्हणून तो संपल्यावर लवकर पाझरतो. भिंतीवरच्या घड्याळाला आर६, म्हणजे साधा पेन्सिल सेल, पुरतो. गीझरच्या दोन सेलांसाठी मात्र दोन्ही अल्कलाइन घ्या, आणि बदलताना दोन्ही एकदम बदला.