ब्रेक पाइप तांब्याचा टाकू का?

प्रश्न : नमस्कार सर, माझी जुनी डिझेल जीप आहे, देवगडात समुद्राला लागूनच घर. मागच्या ब्रेकचा पाइप गंजून ऑइल गळायला लागलंय. ओरिजिनल पाइप यायला वेळ लागेल, तर आमचा फिटर म्हणतो फ्रीजवाल्याकडून तांब्याचा पाइप आणून बसवतो, कधी गंजायचाच नाही. टाकू का? स्टीलचा टाकला तर परत हेच होणार ना?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नका टाकू. फिटर गंजाबद्दल खोटं बोलत नाहीये, आणि बसवून झाल्यावर पेडल दाबून बघितलं तर गळणारही नाही, म्हणून तर लोक फसतात. खरा घोळ हादऱ्यांचा आहे. नुसतं तांबं मऊ असतं पण गाडीखाली सतत थरथरलं की कडक होत जातं, आणि मग नटाच्या अगदी मागे, जिथे फ्लेअर मारलेला असतो, म्हणजे पाइपाचं टोक पसरवून रुंद केलेलं असतं, तिथे बारीक चीर पडते. जोरात ब्रेक मारला की पाइपात १०० बारच्या आसपास प्रेशर येतं, टायरमधल्या हवेच्या चाळीसपटीहून जास्त. चीर उघडणार ती नेमकी तेव्हाच.

तुमच्यासारख्या खाऱ्या हवेत मी तांबं-निकेलचा पाइप घ्या म्हणेन, कुनिफर नावाने मिळतो, ९० टक्के तांबं आणि १० टक्क्यांच्या आसपास निकेल. व्होल्व्होने १९७६ पासून हाच वापरायला घेतला. गंजत नाही, हाताने वाकतो, फ्लेअरही सहज होतो. महाग आहे, पण एकदाच. फक्त दुकानात नीट बघा, रंगाने तांब्यासारखाच दिसतो आणि लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, तेव्हा बॉक्सवर ब्रेकसाठी असं छापलेलं नसेल तर परत ठेवा. बऱ्याच गाड्यांना ४.७५ मिमीचा लागतो, तरी जुना तुकडा सोबत न्या.

स्टीलचा टाकलात तरी चूक नाही हो, कंपनीचा तोच असतो. गंज चढतो तो पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपमध्ये, चिखल अडकून राहतो आणि वरचं कोटिंग घासलं जातं तिथे, त्यामुळे क्लिपा सोडवून साफ करा आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुवत जा. स्टेनलेसच्या नादी मात्र लागू नका, फार कडक असतो, साध्या टूलने फ्लेअर नीट बसत नाही आणि नट कितीही आवळा, पाझरतच राहतो.

अजून एक, गंजलेला तेवढाच तुकडा कापून मध्ये प्लंबिंगवाला जॉइंट टाकूया असं कोणी म्हणालं तर सरळ दुसरं गॅरेज बघा. अख्खा पाइप बदला, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे पसरवलेला काठ आत दुमडून दुहेरी केलेला, किंवा जुन्या पाइपाला जसा असेल अगदी तसाच. दुसऱ्या बाजूचा पाइपही तेवढाच जुना आहे, त्यावरचा चिखल काढून नखाने खरवडून बघा, पापुद्रे सुटले तर तोही काढा. आणि पुढचे ब्रेक लागतायत म्हणून तोवर गाडी चालवू नका प्लीज, टो करून न्या.

प्रश्न : चाकाजवळच्या ब्रेकच्या रबरी होजच्या (लवचिक नळीच्या) जागी स्टीलची जाळीवाली होज टाकली तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : चालेल, पेडल थोडं कडक लागेल. पण आतली नळी खराब झाली तर जाळीमुळे बाहेरून कळत नाही. रोजच्या गाडीला नवी रबरी होज पुरे, काम झाल्यावर ब्रेक ऑइलमधली एअर नीट काढून घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज टायरला घासत नाही ना ते बघा.